दहा महिने संसार, दोन महिने सरकार

आमच्या कंपनीत शिरोळकडचा एक गुऱ्हाळवाला होता. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत साचे भरणारा मोल्डर होता, एसटीचा कंडक्टर होता, गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीची धार काढून गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळ दुधाचा पेला देणारा गवळी होता. दोन पैलवान होते, एक न्हावी होता, प्राथमिक शाळेतले एक मास्तर होते आणि एका कचेरीत जावक बारनिशी लिहिणारा मी होतो. वर्षातले दहा महिने आम्ही सगळे आपापल्या उद्योगात. उरलेले दोन महिने पायात अॅम्युनिशन बूट, कमरेला वेब बेल्ट आणि खांद्यावर थ्री नॉट थ्री रायफल. 1974 साली मी टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे प्रादेशिक सेनेत, भरती झालो. आयुष्यात मी जेवढं मनापासून हसलो त्यातलं निम्मं तरी त्या शिबिरांतलं आहे.

आता टेरिटोरियल आर्मी म्हटलं की लोकांना महेंद्रसिंग धोनी आठवतो. 2011 मध्ये त्याला मानद लेफ्टनंट कर्नल केलं, तेव्हापासून माझी नातवंडं विचारतात, "आजोबा, तुम्ही धोनीच्या आर्मीत होता?" मी छाती पुढे काढून होय म्हणतो. खरं तर ही प्रादेशिक सेना धोनीच्या कितीतरी आधीची. कायदा 1948 चा. 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं, म्हणून 9 ऑक्टोबर हा आमचा सण. ब्रीद 'सावधानी व शूरता'. आणि मला सगळ्यात आवडते ती तिची अट: इथं यायला हाताला आधी दुसरं काम असावं लागतं. पोटाची सोय ज्यानं स्वतः केलीय, अशाच माणसाला सरकार इथं बोलावतं. शहरी तुकड्यांची कवायत सुटीच्या दिवशी चालायची. रेल्वेवाल्यांच्या वेगळ्या तुकड्या होत्या. 1974 च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, तेव्हा त्यांनीच गाड्या हाकल्या. आमची मात्र पायदळाची पलटण, मराठा लाइट इन्फंट्रीची, वर्षातून दोन महिन्यांच्या शिबिराची. तेवढे दिवस पगार नियमित जवानाएवढा, रेशन तेच, कायदाही तोच. शिबिर संपलं की ट्रंक उचलायची आणि घरी जायचं.

कोल्हापूरला हे फार मानवलं. इथल्या घराघरांत फौज मुरलेली. संस्थानची राजाराम रायफल्स होती, ती पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत सामावली. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी. पण ज्या घरात एकुलता एक मुलगा, चार म्हशी आणि अंगावर आलेली शेती, त्या घरातली आई पोराला पंधरा वर्षांसाठी कुठून सोडणार? दोन महिने मात्र सोडायची. माझी आईसुद्धा म्हणाली, "जा. दोन महिन्यांत देशाचंबी हुईल आणि तुझंबी."

टेंबलाईच्या टेकडीशेजारी आमच्या बराकी. पहाटेचा बिगुल वाजायच्या आधीच गवळी उठलेला असायचा. त्याला कोण उठवणार? तीस वर्षांची सवय, तीन वाजले की डोळे उघडायचे आणि हात म्हशीची कास शोधायचे. म्हैस नाही म्हटल्यावर तो बाकीच्यांच्या मागे लागायचा. एकेकाच्या खाटेपाशी जाऊन हळूच म्हणायचा, "उठा, तांबडं फुटलं." बाहेर मिट्ट काळोख. पैलवानांचं आणि त्याचं तेवढं जमायचं, कारण तेही पहाटे मेहनतीला उठणारे. बिगुलर बिचारा डोळे चोळत बाहेर यायचा तेव्हा आमची अर्धी कंपनी दाढी करून, बुटांना पॉलिश मारून फॉल-इनला तयार. सुभेदार साहेबांना पहिल्या शिबिरात वाटलं, काय शिस्तीची कंपनी आहे! त्यांनी भर परेडमध्ये शाबासकी दिली. गवळ्यानं ती आपल्या म्हशींच्या नावानं स्वीकारली.

पण या सगळ्यांत मला जे मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि त्यासाठी गुऱ्हाळवाल्याकडे यावं लागेल.

त्याची गावात मोठी बागायत होती. ऊस, गुऱ्हाळ, दारात ट्रॅक्टर. आजोबा राजाराम रायफल्समध्ये होते, त्यांचा फोटो माजघरात, म्हणून हा हौसेनं भरती झालेला. आणि त्याच्या शेतावरचा सालगडी त्याच्या आधी दोन वर्षं भरती होऊन नाईक झालेला. म्हणजे सेक्शन कमांडर, छोट्या तुकडीचा प्रमुख. नशिबाचा खेळ बघा, मालक नेमका त्याच्याच सेक्शनमध्ये आला, सिपाही म्हणून.

पहिल्या सकाळी नाईक बूट तपासत ओळीतून आला. मालकापाशी पोचला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "मालक, ह्यो डावा बूट जरा..." पुढचं वाक्य सुभेदार साहेबांच्या आवाजात बुडालं. "मालिक? इस पलटन में मालिक एक ही है, भारत सरकार! कोई शक?" कुणालाच शक नव्हता. त्या दिवसापासून नाईकाची पंचाईत झाली. नावानं हाक मारायला जीभ उचलेना, मालक म्हणायची सोय नाही, 'जवान' म्हणताना कान लाल व्हायचे. शेवटी त्यानं तोड काढली. मालक सेक्शनच्या ओळीत चौथा उभा राहायचा, म्हणून तो त्याला 'नंबर चार' म्हणायला लागला. "नंबर चार, कोपर जमिनीला टेकवा." "नंबर चार, मान खाली." हुकूम सगळे कडक, पण त्यातलं आदरार्थी बहुवचन काही सुटलं नाही.

आणि नंबर चारही मर्द गडी. लंगरच्या कामावर नाव लागलं की मुकाट्यानं बटाटे सोलायला बसायचा. नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी मारताना दोनदा आत पडला, तिसऱ्यांदा पलीकडे पोचला, तेव्हा नाईकानंच आधी टाळी वाजवली. रात्री बराकीत मालक पाय चेपून घेईल असं आम्हाला वाटायचं, कारण गावाकडं ते चालतंच. झालं उलटंच. एका संध्याकाळी लांबच्या रोड मार्चवरून आलो, नाईकाच्या टाचेला मोठा फोड आलेला. मालकानं मगमध्ये कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं आणि त्याचा पाय धुऊन दिला. नाईक अवघडून पाय ओढत होता आणि मालक म्हणत होता, "उस्ताद, हरकत न्हाई करायची. सावधान."

पहिलं शिबिर संपल्यावरची गोष्ट मला पुढे दोघांनीही वेगवेगळी सांगितली आणि दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नव्हता. एसटीतून दोघं गावच्या फाट्यावर उतरले. टपावरून ट्रंका खाली आल्या. आता गाव आलं म्हणून नाईक पुढे झाला, "द्या मालक, ट्रंक द्या हिकडं." मालकानं खिशातून मूव्हमेंट ऑर्डर काढली. म्हणाला, "ह्याच्यावर आजची तारीख हाय. रात्री बारापातुर तुम्ही नाईक आणि मी सिपाही." आणि नाईकाचीच ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन तो चालू लागला. चावडीवरून, देवळावरून, आपल्या वाड्यापुढून, थेट नाईकाच्या घरापर्यंत. पारावरची माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून गावानं त्या गड्याला नुसत्या नावानं हाक मारणं सोडलं. तो कायमचा 'नाईक' झाला.

समतेवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. मास्तर आमचे बराकीतही द्यायचे. पण डोक्यावर ट्रंक घेऊन भर गावातून चाललेला तो बागायतदार मला त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. नियमित फौजेत माणूस वीस वर्षं गणवेशात राहतो आणि गावाकडचं नातं मागं पडतं. इथं दरवर्षी दोन्ही नाती एकाच माणसाला पाळावी लागत. म्हणून ही अर्धवेळ फौज मला पूर्णवेळाहून जास्त शिकवणारी वाटली.

असो. आता चटणीकडे वळतो.

लंगरचं जेवण भरपूर असायचं. डाळ, भात, रोट्या, भाजी, ठरल्या दिवशी मटण. तक्रारीला जागा नव्हती, फक्त तिखट नव्हतं. कोल्हापूरच्या माणसाला सपक रस्सा चार दिवस गोड लागतो, पाचव्या दिवशी तो घरी पत्र लिहितो. मग भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्यांतून कांदा-लसूण चटणीचे आणि खरड्याचे डबे बराकीत येऊ लागले. ट्रंकेच्या तळाशी, धुतलेल्या बनियनांच्या घडीत ते राहायचे. कंपनी कमांडर होते पंजाबकडचे एक तरुण कॅप्टन साहेब. त्यांनी एका सकाळी अचानक किट तपासणी लावली. खाटेवर सगळं मांडायचं: मेस टिन, मग, दाढीचं सामान, सुईदोऱ्याची पिशवी, मोजे. मोल्डरच्या मांडणीत एक बोर्नव्हिटाचा डबा दिसला. साहेबांनी तो काठीनं हलवला. "ये क्या है?"

मोल्डर ताठ उभा, नजर समोर. "साहब, हिम्मत है!"

साहेबांनी झाकण उघडलं. लालभडक चटणी. चिमूटभर जिभेवर टाकली. आम्ही श्वास रोखून होतो. साहेबांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही, फक्त डोळे भरून आले. "अच्छी हिम्मत है," एवढं म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले, त्याच्या पुढच्या खाटेकडे गेले, तपासणी रीतसर पूर्ण केली, आणि बाहेर पडल्यावर त्यांची पावलं नळाकडे वळलेली आम्ही खिडकीतून पाहिली. असा अधिकारी असावा. पुढच्या आठवड्यात हुकूम निघाला की लंगरमध्ये एका मोठ्या डब्यात चटणी ठेवावी, ज्याला हवी त्यानं घ्यावी. शिबिर संपेपर्यंत साहेबांच्या ताटातही ती दिसू लागली. पुढे बडा खाना, म्हणजे पलटणीची मोठी पंगत, झाला तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा करायला पैलवानांनी लंगरचा ताबा घेतला. दोघेही खाण्याइतकेच रांधण्यातही दर्दी.

चांदमारीचा, म्हणजे नेमबाजीचा, दिवस ही खरी परीक्षा. नियमित पलटणींकडे तोवर नव्या एसएलआर रायफली आल्या होत्या. आमच्या हातात जुनी थ्री नॉट थ्री, बोल्ट ओढायची, दहा गोळ्यांच्या मॅगझिनची, चार किलोच्या आसपास वजनाची, आणि खांद्याला धक्का असा द्यायची की नवख्याचा खांदा दोन दिवस दुखावा. फायरिंग झालं की नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग फुलतरूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, चिंदी लावून ती ओढत राहायची, नळी आरशागत होईपर्यंत. यात न्हाव्याचा हात कुणी धरू शकत नसे. त्याची नळी शिकवणारे उस्ताद इतरांना नमुना म्हणून दाखवायचे.

पण गोळी झाडण्यापेक्षा अवघड काम असतं खोखे, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, मोजणं. जेवढे राउंड दिले तेवढे रिकामे खोखे परत आले पाहिजेत, एकही कमी चालत नाही. एका संध्याकाळी एक खोखा कमी भरला. पुन्हा मोजले, तरी एक कमीच. हुकूम झाला, मिळाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. पावसानंतरचं गुडघाभर गवत, सूर्य कलायला आलेला. हवालदारांनी लष्करी पद्धतीनं एक लांब ओळ केली आणि सगळे उभ्यानं गवतात पाहत निघाले. काही सापडेना. तेव्हा नाईकानं परवानगी मागितली आणि शेतकरी गडी तेवढे पुढे घेतले. भांगलणीला बसतात तसे ते उकिडवे बसले, हाताहाताच्या अंतरावर, आणि गवत हातानं बाजूला सारत सरकू लागले. कुणीतरी सवयीनं भलरी गुणगुणायला लागला, त्याला कुणी थांबवलं नाही. खोखा सापडला शेवटी गवळ्याला, आणि त्याच्यासोबत कुणा वेगळ्याच तुकडीचे आणखी तीन जुने, गंजलेले. म्हणजे आता हिशेबात तीन जास्त! सुभेदार साहेबांनी डोक्याला हात लावला आणि मग इतके मोठ्यानं हसले की आम्हालाही हसायची मुभा मिळाली.

रात्रीच्या पहाऱ्याचं एक सांगायलाच हवं. संत्री म्हणून कंडक्टरची पाळी. मध्यरात्री गस्तीवरचे अधिकारी दोघांना घेऊन आले. कंडक्टरनं खणखणीत आवाज दिला, "थम! कौन आता है?" परवलीचा शब्द झाला, ओळख पटली, सगळं पुस्तकाबरहुकूम. मग अरुंद दारातून तिघं आत येऊ लागले आणि संत्र्याच्या तोंडून गेलं, "चला, पुढं सरका, पुढं मोकळं हाय!" दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून विचारलं, कुठला रूट? तो म्हणाला, "साहब, कोल्हापूर–गारगोटी." त्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

आणि ललिता पंचमी. कोल्हापूरकरांना सांगायला नको. नवरात्रात पाचव्या माळेला अंबाबाईची पालखी शहरातून टेंबलाईवर येते, रुसलेल्या त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, समजूत काढायला. तिथं कोहळा फोडतात आणि त्याचा तुकडा मिळवायला झुंबड उडते. शिबिर नवरात्रात आलं की आमच्या पोटात कालवाकालव. टेकडी डोळ्यांसमोर, हलगीचा आवाज कानावर आणि आम्ही मैदानात. सुट्टी मागायची कुणाची छाती नव्हती. त्या वर्षी सुभेदार साहेबांनी वेळापत्रकात बदल केला. सकाळचा तास: फासले का अनुमान. जागा: जिथून टेकडीची वाट साफ दिसते तो चढ. आम्ही रीतसर पोझिशन घेतली. उस्ताद एकेक निशाण सांगत होते. सामने अकेला पेड, फासला? चारशे गज. पेड के दाहिने सफेद दीवार, फासला? साडेपाचशे. मग वाटेच्या वळणावर पालखी दिसली. उस्ताद क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सामने... आई अंबाबाई. फासला?"

कुणी आकडा सांगितला नाही. सगळ्यांचे हात जोडलेले. सुभेदार साहेबही टोपी सारखी करून सावधान उभे. पालखी वर जाईपर्यंत तास तसाच चालला. तो दिवस आठवला की आजही मन भरून येतं. शिस्तीत माणुसकीची जागा कशी करायची ते त्या साहेबांना ठाऊक होतं.

हसण्या-खिदळण्याखाली एक गंभीर गोष्ट होती, ती आम्ही विसरत नव्हतो. लढाईच्या वेळी प्रादेशिक सेनेला बोलावणं येतं. 1962, 1965, 1971, तिन्ही वेळा आलं. आमच्या एका वयस्क हवालदारांना 1971 मध्ये पंजाबात एका रेल्वे पुलावर पहाऱ्याला ठेवलं होतं. लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की ते मक्याची रोटी कशी थापायची ते सांगायचे, शेजारच्या गावातल्या म्हातारीकडून शिकलेले. आम्ही म्हणायचो, "तसं नव्हं, लढाईचं सांगा." ते शांतपणे म्हणायचे, "मी होतो तवर त्या पुलाला कुणी बोट लावलं न्हाई. आणि काय सांगू?" घरी ज्वारीची कापणी टाकून गेलेला तो माणूस. पुलावरून रात्रंदिवस गाड्या गेल्या त्या त्याच्या जिवावर. माझ्या लेखी हे फार मोठं आहे, आणि असे हजारो लोक कुठल्याही यादीत ठळक न येता घरी परतले, पुन्हा औत धरलं.

बारा वर्षं अशी शिबिरं भरली की टेरिटोरियल आर्मी मेडल मिळतं. आमच्या नाईकाला, तोवर तो हवालदार झाला होता, ते मिळालं तेव्हा गावानं मिरवणूक काढायची ठरवलं. म्हणजे मालकानं ठरवलं. ट्रॅक्टरची ट्रॉली केळीच्या खांबांनी सजवली, स्वतः चालवायला बसला. आम्ही जुने सोबती ट्रॉलीत, मधे खुर्चीवर छातीला मेडल लावलेला हवालदार, पुढे हलगी, त्याच्यापुढे शाळेतली पोरं लेझीम खेळत. पोरांच्या पायांचा मेळ कुठं बसत होता? कुणाचं डावं, कुणाचं उजवं. हवालदारानं जरा वेळ सोसलं. मग खुर्चीवरून उठला आणि टेंबलाईपर्यंत जाईल अशा आवाजात हुकूम दिला, "थम!"

हलगी बंद. पोरं जागच्या जागी. आणि ट्रॅक्टरवरच्या नंबर चारनं सवयीनं असा ब्रेक दाबला की ट्रॉलीतले आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर. हवालदार एकटाच ताठ उभा. त्यानं पोरांना बाएं-दाहिने समजावून सांगितलं, कदमताल करून घेतला, मगच ओरडला, "तेज चल!"

मालकानं गिअर टाकला.